२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे कागदावर कसं पटवायचं?

अनुजा_ठाणे

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात रात्री पावणेदोनला ऑफिसातून फोन आला. आमचं काम पार्सलच्या नोंदींचं. गोदामात, ट्रकमध्ये, गिऱ्हाइकाच्या दारात, जिथे जिथे बारकोड स्कॅन होतो तिथली प्रत्येक नोंद एका टेबलात पडते आणि तिला आपोआप पुढचा क्रमांक मिळतो. त्या रात्री नोंदी पडायच्या थांबल्या. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: डुप्लिकेट एन्ट्री २१४७४८३६४७ फॉर की प्रायमरी. क्रमांकाचा कॉलम कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी साधा इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, ठेवला होता, तो भरला. तो बिगइंट, म्हणजे ६४ बिटांचा, करून टेबल पुन्हा उभं राहीपर्यंत उजाडलं.

घरूनच काम चाललं होतं. मुलगी दहावीत आहे, ती दूध घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि माझ्या वहीत मोठ्ठा लिहिलेला आकडा बघून म्हणाली, "आई, ही मूळ संख्या आहे का गं?" मी म्हटलं, शेवटी ७ आहे, म्हणजे २ नि ५ ने जात नाही. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ३ नेही जात नाही. ७ ने भागून पाहिलं, बाकी उरली. मग लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर: हो, मूळ आहे.

तिला ते पटलं नाही. म्हणाली, "म्हणजे लॅपटॉप म्हणतो म्हणून?" मला तिचं बोलणं लागलं, कारण ते बरोबर आहे. तेव्हा दोन प्रश्न. एक, संगणकातली ही सगळ्यात प्रसिद्ध मर्यादा नेमकी मूळ संख्या असावी हा योगायोग, की त्यामागे काही कारण आहे? दोन, संगणक नसताना ही संख्या मूळ आहे हे कुणी ठरवलं असेल तर ते कसं? दहावीतल्या मुलीला हातानं करून दाखवता येईल असं काही हवं आहे.

चिन्हबिट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते छोटं आहे. ३२ बिटांपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो. उरलेल्या ३१ बिटांत सगळीकडे १ भरले की २^३१ − १ (२ चा ३१ वा घात वजा १), म्हणजे तुमचा आकडा. ती मूळ आहे म्हणून कुणी निवडली नाही. आठ बिटांची मर्यादा १२७, तीही मूळ. पण सोळा बिटांची ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१. आणि तुम्ही आता ज्या बिगइंटवर गेलात त्याची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७, हिला ७ ने दोनदा भाग जातो. म्हणजे संगणकाच्या बाजूनं पाहिलं तर योगायोगच.

जाता जाता एक काम सांगतो. जुन्या यंत्रणांमध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तोही आकडा ३२ बिटांतच ठेवलेला असतो. तो १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी २१४७४८३६४७ ला पोचेल. तुमच्याकडे वेळेचे कॉलम कसे आहेत ते याच आठवड्यात बघून घ्या.

खडू_फळा

अनुजाताई, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात सव्वीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. हीच संख्या मी मुलांकडून हातानं तपासून घेतली आहे, पुरती नाही, पण रीत कळेल इतकी. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी चिन्हबिट यांच्या उत्तराला थोडी पुस्ती. योगायोग आहे, पण निव्वळ नाही. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीनं ३१ एक. ३२७६७ म्हणजे ओळीनं १५ एक. पंधरा एकांचे तीन-तीनचे पाच गठ्ठे होतात, म्हणून तिला १११ ने, म्हणजे ७ ने भाग जातो. पाच-पाचचे तीन गठ्ठे होतात, म्हणून ३१ ने भाग जातो. ६३ एकांचेही गठ्ठे होतात. ३१ एकांचे समान गठ्ठे होत नाहीत, कारण ३१ स्वतः मूळ. घातांक मूळ नसेल तर संख्या फुटतेच. घातांक मूळ असेल तर मात्र नुसती आशा ठेवता येते. ओळीनं ११ एक म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९.

या आशेनं भले भले फसले. इटलीतल्या बोलोन्याच्या पिएत्रो कताल्दी या गणितज्ञानं १६०३ मध्ये छापलेल्या पुस्तकात २ चा १७ वा आणि १९ वा घात वजा १ या संख्या मूळ म्हणून दिल्या, त्या खरोखर भागून पाहिलेल्या होत्या. पुढे त्यानं २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही चालतात म्हणून सांगितलं. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० मध्ये दाखवलं की २३ वाली संख्या ४७ ने जाते आणि ३७ वाली २२३ ने. २९ वाली ऑयलर या स्विस गणितज्ञानं फोडली: २३३ × ११०३ × २०८९. चारांपैकी ३१ एवढा एकच बरोबर निघाला, पण कताल्दीकडे त्याची सिद्धता नव्हती. १६४४ मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं अशा चालणाऱ्या घातांकांची यादी दिली, तीत ३१ घेतला. त्याच यादीत ६७ आणि २५७ होते, ते चूक ठरले. म्हणजे १७७२ पर्यंत ही संख्या मूळ आहे असं म्हणणारे होते, दाखवणारं कुणी नव्हतं.

दाखवलं लेओनार्ड ऑयलरनं. पीटर्सबर्गहून बर्नुली या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात. वय पासष्ट, दृष्टी जवळजवळ गेलेली, आदल्या वर्षी घराला आग लागून गेलेली. लिहून घ्यायला मुलं आणि मदतनीस असत. हे मी मुलांना नेहमी सांगायचो, त्यांना कणव यावी म्हणून नाही. डोळ्यांसमोर कागद नसताना माणूस काय करतो? भागाकार करण्याआधी भागाकार कमी कसे होतील याचा विचार करतो. या सिद्धतेचं मर्म तेवढंच आहे.

आता रीत. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० आणि थोडं. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या आहेत ४७९२. रोज वीस भागाकार केले तरी आठ महिने. आता ऑयलरसारखा विचार करा.

समजा प ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. २, ४, ८, १६ असे घात घेत जा आणि प्रत्येकाला प ने भागून बाकी लिहा. एकतिसाव्या घाताला बाकी १ येणार, कारण आपण तसंच गृहीत धरलं आहे. तिथून बाक्यांचं चक्र पुन्हा सुरू होतं. हे चक्र ३१ पेक्षा आधी पुरं होऊ शकेल का? झालं तर त्याच्या लांबीनं ३१ ला भाग जायला हवा, आणि ३१ ला फक्त १ नि ३१ नेच भाग जातो. लांबी १ असणं शक्य नाही, कारण पहिलीच बाकी २ आहे. म्हणून चक्र बरोबर ३१ घरांचं. दुसरीकडे फर्माचा नियम सांगतो की २ च्या (प − १) व्या घातालाही बाकी १ च येते. म्हणजे प − १ पावलांत ही चक्रं पुरी बसली पाहिजेत. म्हणून प − १ हा ३१ चा गुणक. प विषम आहे, म्हणजे प − १ सम, म्हणजे तो ६२ चा गुणक.

झालं! भाजक असेल तर तो ६२ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून येणाऱ्यांपैकीच हवा. ६३, १२५, १८७, २४९, या चारही फुटतात. पहिली मूळ संख्या येते ३११. ताई, तुम्ही ३ ने, ७ ने पाहिलंत. तीनशे दहापर्यंत कशानंच बघायची गरज नव्हती.

दुसरी चाळणी. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे प ने भागून बाकी २ उरेल असा एक पूर्ण वर्ग आहे. सगळ्याच मूळ संख्यांना असा वर्ग सापडत नाही. ७ ला सापडतो: ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ ला सापडतो: ६ चा वर्ग ३६. २३ ला सापडतो: ५ चा वर्ग २५. पण ५, ११, १३ यांना कितीही शोधा, सापडत नाही. नियम असा की ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांनाच तो सापडतो. या नियमाची सिद्धता दहावीला जड आहे, पण पन्नासपर्यंतच्या मूळ संख्या घेऊन मुलीला तपासू द्या, त्यात तिचा रविवार छान जाईल.

दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या की भाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. ऑयलरच्या पत्रात हीच दोन रूपं आहेत, आणि ४६३३९ पर्यंत या रूपांच्या सगळ्या मूळ संख्या घेऊन पाहिल्या, एकही भाजक निघाली नाही, असं त्यानं लिहिलं आहे. ६३ सोडली तर ४६३४० पर्यंत या रूपाच्या संख्या ३७२. त्यांतल्याही बऱ्याचशा ३, ५, ७, ११ ने जाणाऱ्या, त्या बघताक्षणी खोडायच्या. ४७९२ वरून इथे आलो, आणि अजून एकही भागाकार केलेला नाही.

आम्ही शनिवारच्या सकाळच्या शाळेत ३००० पर्यंत गेलो होतो. ३००० पर्यंत मूळ संख्या ४३०. त्यांतल्या आपल्या कामाच्या फक्त सहा: ३११, १३०३, १४८९, २५४३, २७२९, २७९१. सहा बाकांना एकेक वाटून दिली. दहा अंकी भागाकार करायचा नाही असं बजावलं होतं. त्याऐवजी हे करायचं. १०२४ म्हणजे २ चा दहावा घात. त्याची बाकी काढा, तिचा वर्ग करून बाकी काढा (विसावा घात), ती पहिल्या बाकीनं गुणून बाकी काढा (तिसावा घात), शेवटी दुप्पट.

३११ साठी: १०२४ ची बाकी ९१. ९१ चा वर्ग ८२८१, बाकी १९५. १९५ × ९१ = १७७४५, बाकी १८. दुप्पट ३६. त्यातून १ वजा केला की ३५. शून्य नाही, म्हणून ३११ भाजक नाही.

बाकीच्या पाच बाकांची उत्तरं माझ्या वहीत आहेत: १३०३ ला २२६, १४८९ ला १९९, २५४३ ला १५२३, २७२९ ला ७९९, २७९१ ला १७२६. तुमच्या मुलीला नुसत्या संख्या द्या, उत्तरं झाकून ठेवा.

त्या दिवशी १४८९ च्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "सर, निःशेष जातोय!" सगळा वर्ग त्या बाकाभोवती गोळा झाला. खरंच गेला असता तर ऑयलर चुकला असता, आणि मी मुलांना तसं सांगितलंही. मग एका मुलीनं सगळं पहिल्यापासून करून पाहिलं. त्यानं १०२४ ऐवजी १४८९ − १०२४ = ४६५ घेतला होता, आणि त्याच्या वर्गात हातचा सुटला होता. विसाव्या घाताची बाकी ३२० यायला हवी होती. तो मुलगा हिरमुसला नाही. म्हणाला, "म्हणजे माझं शून्य आलं असतं तर मोठी संख्या मोडली असती." सव्वीस वर्षांत मूळ संख्येचा अर्थ याहून चांगला कुणी सांगितलेला मला आठवत नाही.

अनुजा_ठाणे

सर, दोनदा वाचलं आणि मग लेकीला वाचून दाखवलं. ६२ च्या पाढ्यापाशी तिनं मला थांबवलं आणि पुढचं स्वतः बोलली. १३०३ चे २२६ तिला पहिल्याच फटक्यात आले, २७९१ ला दोनदा चुकली, तिसऱ्यांदा १७२६. आता भिंतीवर कागद लावलाय, २४८ च्या ओळींचा, आणि त्यावर खोडाखोड चालू आहे. ३७२ पर्यंत जायचं म्हणतेय.

तिचा पुढचा प्रश्न असा: ही मूळ असल्याचा कुणाला काही उपयोग झाला का?

यादृच्छिक

झाला, आणि तो तुमच्याच क्षेत्रात. मी संख्याशास्त्र शिकलो, नाशिकला असतो. सिम्युलेशनसाठी संगणकाला "कुठलाही एक आकडा दे" म्हणतो तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा सूत्रानंच येतो. १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टम/३६० साठी लुइस, गुडमन आणि मिलर यांनी हे सूत्र मांडलं: आधीचा आकडा घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, जी बाकी राहील तो पुढचा आकडा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, असं पुढे.

इथे मूळ असण्याचंच महत्त्व आहे. ७ ने भागून पाहा. ३ चे घात घेतले तर बाक्या ३, २, ६, ४, ५, १, म्हणजे १ ते ६ सगळ्या भेटल्या. २ चे घेतले तर २, ४, १ आणि पुन्हा तेच, निम्म्याच भेटल्या. सगळ्यांना भेटवणारी अशी एक तरी संख्या प्रत्येक मूळ संख्येजवळ असतेच. फुटणाऱ्या संख्येजवळ ती असूच शकत नाही, कारण तिच्या अवयवांचे गुणक त्या फेरीत कधी सापडणारच नाहीत. २१४७४८३६४७ साठी अशी सगळ्यात लहान संख्या ७. आणि १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. पाचवा घात का चालतो? एकनं कमी करून पाहा: २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. यात ५ नाही. म्हणून पाच-पाच पावलं टाकूनही एकही घर सुटत नाही. दोनशे चौदा कोटींहून जास्त आकडे, प्रत्येक एकदाच, आणि मगच पुन्हा पहिला.

आपण लिहिलेलं सूत्र बरोबर चालतंय का, हे पाहायची खूणही ठरलेली आहे. १ पासून निघून दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ यायला हवा. विद्यार्थी असताना माझा येत नव्हता. गुणाकार ३२ बिटांत मावत नव्हता, आणि ते शोधण्यात माझी अख्खी रात्र गेली होती, त्यामुळे तुमच्या त्या रात्रीची कल्पना आहे. (पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्यांसाठी हे वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.)

या संख्येनं भागणं संगणकाला सोपंही जातं. दशमान पद्धतीत ९ ची बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो ना? द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे तसाच ९. मोठ्या आकड्याचे ३१-३१ बिटांचे तुकडे करायचे आणि बेरीज घ्यायची. भागाकार करावाच लागत नाही.

खडू_फळा

यादृच्छिक, ९ ची उपमा फार नेमकी. शिकवत असताना सुचली असती तर वर्गात वापरली असती.

ताई, उपयोगाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येतून, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या मूळ संख्येतून, एक परिपूर्ण संख्या निघते, म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या भाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते. ३ मधून ६, ७ मधून २८, ३१ मधून ४९६. हा युक्लिडचा नियम. आपल्या संख्येतून निघते २३०५८४३००८१३९९५२१२८, एकोणीस अंकी. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं तिच्याबद्दल लिहिलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, त्यामुळे पुढची शोधायच्या भानगडीत कुणी पडणार नाही.

बार्लो विद्वान माणूस होता, पण कुतूहलाला त्यानं फार हलकं लेखलं. ऐंशीहून जास्त वर्षं आपली संख्या माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या राहिली हे खरं. पण १८७६ मध्ये एदुआर ल्यूकानं २^१२७ − १ मूळ आहे हे दाखवलं, एकोणचाळीस अंकी संख्या, तीही संगणकाशिवाय. १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूनं २^६१ − १ दाखवली, जी मेर्सेनच्या यादीतून सुटली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली २^१३६२७९८४१ − १ जाहीर झाली, ती ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे.

आता १२७ कडे नीट पाहा. २ घ्या. २^२ − १ = ३. २^३ − १ = ७. २^७ − १ = १२७. २^१२७ − १ ही ल्यूकाची संख्या. चारही वेळा मूळ. त्याच्या पुढची पायरी मूळ आहे की नाही ते आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही. आता दुसरी साखळी: ५ घ्या. २^५ − १ = ३१. २^३१ − १ आपली संख्या. आणि २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १? तिला साधारण ६४ कोटी ६५ लाख अंक आहेत. मला तरुणपणी अगदी खात्री वाटायची की ती मूळ असणार. इतकं सुंदर घराणं, मध्येच कसं तुटेल?

ते तुटतं. तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आणि मग मी तो भाजक वहीत मांडून पाहिला. त्यातून १ वजा करा आणि २१४७४८३६४७ ने भागा. बरोबर १३७४९० येतात, बाकी शून्य. ८ ने भागा, बाकी ७. म्हणजे ऑयलरच्या दोन्ही चाळण्या तो पार करतो. अठराव्या शतकातल्या आंधळ्या माणसानं सांगितलेल्या पत्त्यावरच तो राहतो! माझं वाईट वाटणं तिथे संपलं.

या भाजकाची खात्री करणं हे लॅपटॉपचं काम, हातानं होणार नाही. २ च्या २१४७४८३६४७ व्या घाताची २९५२५७५२६६२६०३१ ने भागून बाकी काढायला सांगा. ६४ कोटी अंक कुठे लिहायचे नाहीत, वर्ग आणि बाकी, वर्ग आणि बाकी, एवढंच. आपण १०२४ वरून केलं तसंच.

आणि एक. ल्यूकाच्या रीतीला पुढे लेमरनं सोपं रूप दिलं, त्यानं आपली संख्या भाजक न शोधताच तपासता येते. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, २१४७४८३६४७ ने बाकी घ्या. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, असं चालत राहा. २९ पावलांनी ० आलं तर मूळ, नाही तर नाही. मधले सगळे आकडे छापा आणि शून्याच्या आधीचा आकडा मला कळवा. मुलीला तो नीट बघू द्या.

अनुजा_ठाणे

सर, दोन्ही केलं. घाताची बाकी १ आली, म्हणजे तुमचा भाजक बरोबर. एंटर दाबलं आणि लगेच उत्तर.

दुसरं लेकीनंच टाइप केलं. शेवटून चौथा आकडा २११९८७६६५, मग ११८१५३६७०८, मग ६५५३६, मग ०. इतके वेडेवाकडे दहा-दहा अंकी आकडे येत असताना एकदम ६५५३६! मी तो बघितल्याबरोबर ओळखला, आमच्या कामात तो रोज भेटतो, २ चा सोळावा घात. पण तो इथे का, ते मला कळेना.

लेकीनं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तुमची दुसरी चाळणी तिनं तिथे लिहून ठेवली आहे: सोळाव्या घाताचा वर्ग म्हणजे बत्तिसावा घात, आणि बत्तिसाव्याची बाकी २. म्हणून ६५५३६ चा वर्ग केला की २, त्यातून २ गेले की शून्य.

आता ती १७ आणि १९ हे घातांक घेऊन बसली आहे. १९ ला २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ येईल असं तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. आलं ५२३२६३. ती हिरमुसली, मग तिनं ते ५२४२८७ मधून, म्हणजे २^१९ − १ मधून, वजा केलं.